पान, कागद आणि पुडीतला मासा

चकली, चिवडा आणि करंज्यांचे ताट शेजारी ठेवून हा अंक उघडलेल्या वाचकांपुढे एकदम मासळीचा विषय काढणे कित्येकांना औचित्याला सोडून वाटेल. पण चार दिवस तळणीचे खाऊन झाले, भाऊबीजेची ओवाळणी आटोपली, पाहुणे आपापल्या गाडीला लागले, म्हणजे मासळी खाणाऱ्या घरांतून कोणता प्रश्न निघतो हे ज्याचे त्याला ठाऊक आहे. ‘आज काहीतरी हलके करा, तेल नको,’ असे घरातली वडील माणसे म्हणतात. आणि त्याच दमात ‘बाजारात पापलेट आले असेल का गं?’ असेही विचारतात. ह्या दोन वाक्यांचा मेळ घालणारा एक पदार्थ आहे. मासा मसाला लावून कागदात गुंडाळायचा, ती पुडी भट्टीत किंवा वाफेवर ठेवायची, आणि पाऊण तासात सगळे घर पानावर बसवायचे.

हल्ली हा प्रकार साहेबी समजला जातो. मोठ्या हॉटेलात तो फ्रेंच नावाने मिळतो आणि त्या नावाचे वेगळे पैसे पडतात. तथापि ह्या पुडीचे कूळ शोधू गेल्यास ते आपल्या सह्याद्रीच्या ओढ्याकाठी, निखाऱ्यांच्या खळग्यापाशी जाऊन पोहोचते. तिथून ती पुडी पिंपरी-चिंचवडच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात कशी आली, ही हकीकत सांगण्यासारखी आहे; कारण तिच्यात नुसत्या जिभेचा नव्हे, माणसांच्या राहण्या-वसण्याचा आणि नद्यांचाही इतिहास गुंतलेला आहे.

आरंभ भाषेपासूनच करू. आपण मराठी माणसे झाडाच्या पर्णाला पान म्हणतो आणि पुस्तकाच्या पृष्ठालाही पानच म्हणतो. जेवायला बसतो तेही पानावर. ‘पत्र’ ह्या शब्दाची तीच गत. झाडाचे पत्र, टपालाचे पत्र, आणि पाने टाचून केलेली ती पत्रावळ. पूर्वी ताडपत्रावर, भूर्जपत्रावर लिहीत, त्यामुळे हे नाते जडले हे शाळेतल्या मुलालाही सांगता येईल. पण ह्याचा एक अर्थ असाही होतो की, लिहायचे असो वा जेवायचे, आपल्या पूर्वजांनी दोन्ही कामांसाठी हात आधी झाडाकडे नेला. कागद आला तेव्हा लिहिण्याचे काम त्याने घेतले आणि जेवणाचे काम पानाकडेच राहिले. ती वाटणी कित्येक शतके टिकली. मासा कागदात शिजू लागला तेव्हा ती मोडली.

पान हे ज्याच्याजवळ भांडे नाही त्याचे भांडे. पहिल्या पावसात ओढ्यांना पाणी चढते आणि मासे प्रवाहाच्या उलट वर येऊ लागतात. त्यांना मावळात चढणीचे मासे म्हणतात, कोकणात वलगणीचे. सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना राहणाऱ्या कातकरी आणि ठाकर वस्त्यांतून हे बारीक मासे मीठ-मिरची लावून पानात गुंडाळण्याची आणि निखाऱ्यात भाजण्याची रीत जुनी आहे. कधी पान केळीचे, कधी पळसाचे. जे रानात हाताशी लागेल ते. ना कढई, ना तेल, ना घासायची भांडी. बाहेरचे पान करपून काळे होते, आणि आतला मासा पांढराशुभ्र, ओलसर निघतो. खाणे झाले की ताट तिथेच ओढ्याकाठी मातीला मिळते.

ह्याच्या मागचे शास्त्र सोपे आहे. माशाचे मांस बकऱ्याच्या मांसासारखे चिवट तंतूंनी बांधलेले नसते. साठ अंशांच्या आसपास उष्णता पोहोचली की ते शिजते, आणि त्यापुढे जितके तापवावे तितके कोरडे होत जाते. उघड्या आचेवर बाहेरचा भाग करपेपर्यंत आतला कच्चा राहतो. पानाच्या आत मात्र माशाच्याच पाण्याची वाफ कोंडते, आणि ती वाफ शंभर अंशांच्या फारशी वर जात नाही. एवंच, आग बाहेर कितीही भडकली तरी पुडीच्या आत मासा स्वतःच्या रसात शांतपणे शिजत असतो. केळीच्या पानावर मेणासारखा एक पातळ थर असतो. त्यामुळे ते पाणी धरून ठेवते, मासा त्याला चिकटत नाही, आणि आच लागली की पान आपला मंद सुगंध आत सोडते.

रानातली ही युक्ती घराघरांतून निरनिराळ्या रूपांनी नांदत आली. तांदळाच्या पिठाची पानगी दोन केळीच्या पानांमध्ये तव्यावर भाजतात. हळदीच्या पानात गूळ-खोबऱ्याच्या पातोळ्या उकडतात आणि नागपंचमीला त्यांचा नैवेद्य दाखवतात. रायगड जिल्ह्यात हिवाळ्याच्या रात्री शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी आणि केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी भरून मडके उपडे करतात आणि भोवती जाळ पेटवतात. नैवेद्याची पातोळी आणि शेतातली पोपटी एका पंगतीला बसणार नाहीत हे खरे; पण दोघींची आई एकच, ती म्हणजे पानातली वाफ.

किनाऱ्याने चालत गेलो तर हेच कुटुंब फार मोठे निघते. बंगाल्यात मोहरी वाटून माशाला चोपडतात आणि केळीच्या पानात बांधून ‘पातुरी’ करतात. केरळात करीमीन हा खाडीचा मासा आधी थोडा परतून, मसाल्यासह पानात गुंडाळून पुन्हा तव्यावर ठेवतात. इंडोनेशियात ह्याच घडणीच्या पदार्थाला ‘पेपेस’ म्हणतात. आणि आपल्याच डहाणू-मुंबईच्या पट्ट्यात पारशी लग्नाच्या मेजवानीत मानाने वाढली जाते ती ‘पत्रा नि मच्छी’. ओले खोबरे, कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीची चटणी लावलेले पापलेट केळीच्या पानात बांधतात आणि उकडतात. पारशी इराणातून आले, परंतु हा पदार्थ त्यांच्या गलबतातून आलेला नसावा. त्यातला नारळ इथला, केळ इथली, पापलेटही इथलेच. नव्या भूमीत उतरलेल्या माणसांनी शेजाऱ्याच्या परसातले पान घेतले आणि त्यात आपली मेजवानी बांधली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढे पिंपरीत तिची गाठ पडणार आहे.

मासा हे आपल्याकडे गोरगरिबांचेच अन्न होते असेही नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा ह्याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. राजाच्या करमणुकींत त्याने मासे गळाने धरण्याचा खेळ घातला आहे. नदीतले मासे कोणते, समुद्रातले कोणते, कोणाला कसले आमिष लागते हे सांगितले आहे, आणि राजाच्या भोजनाच्या प्रकरणात मासे रांधण्याच्या कृतीही दिल्या आहेत. ही कल्याणी म्हणजे आजचे बीदर जिल्ह्यातले बसवकल्याण; मराठी आणि कानडी मुलूख जिथे एकमेकांत मिसळतात तिथली. त्या राजाला आमिषाचाही तपशील लिहून ठेवावासा वाटला. कातकऱ्याने आपली कृती कुठे लिहिली नाही, कारण त्याचे पान लिहिण्याचे नव्हते. तरी दोघांतली रोजच्या जेवणात टिकली ती कातकऱ्याची कृती. ज्याला पान मिळाले त्याला ती करता आली.

आता कागदाकडे वळू. चाकणहून नाशिकच्या वाटेने उत्तरेला निघावे, नारायणगावापाशी डावीकडे वळावे, म्हणजे जुन्नर लागते. एके काळी हे गाव हातकागदासाठी प्रसिद्ध होते. ताग-चिंध्या कुटून, लगदा पाण्यात कालवून, चौकटीवर एकेक ताव उचलून ‘कागदी’ लोक तो तयार करीत, घोटून गुळगुळीत करीत. पेशव्यांच्या दफ्तरातही जुन्नरी कागदावर मजकूर लिहिला गेला. एवढ्या कष्टाने होणारा ताव मासे गुंडाळण्यासाठी वापरील असा उधळ्या आपल्याकडे जन्मला नाही. कागद म्हणजे सरस्वती. त्याला पाय लागला तर आपण नमस्कार करतो. अन्नाला कागदाचा शेजार मिळाला तो छापखाने आल्यावर, रद्दीच्या रूपाने. वाण्याची पुडी, भेळेचा द्रोण आणि कोळणीने वर्तमानपत्रात बांधून दिलेले बोंबील, एवढीच कागदाची आणि खाण्याची ओळख होती.

युरोपात हे उलटे घडले. तिथे केळ नाही, हळदीचे पान नाही. तेव्हा तिथल्या आचाऱ्यांनी कागदालाच लोणी चोपडून त्याचे पान केले. अशा पुडीतल्या पदार्थाला फ्रेंच लोक ‘आं पापिलोत’ म्हणतात, आणि त्या शब्दाचे नाते फुलपाखराशी जोडतात. कागद बदामाच्या आकाराचा कापून, दुमडून, कडा मुरडतात. उघडला की दोन पंख पसरतात, म्हणून असेल. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात एका जुन्या फ्रेंच खाणावळीने सांतोस-द्युमाँ ह्या ब्राझिलियन विमानवीराच्या सन्मानार्थ फुगलेल्या कागदी पुडीतला मासा वाढला, अशी तिथली आख्यायिका आहे. भट्टीतून काढताना पुडी खरोखरच विमानाच्या फुग्यासारखी टम्म फुगते, तेव्हा आख्यायिका कोणाला तरी सुचणारच.

परंतु साधा कागद ओला झाला की फाटतो. ह्यावर उपाय निघाला एकोणिसाव्या शतकात, तोही रसायनशाळेत. १८४६ च्या सुमारास पुमारेद आणि फिगिए ह्या दोघा फ्रेंच रसायनज्ञांनी दाखवले की, कागद गंधकाच्या तेजाबात क्षणभर बुडवून लगेच धुतला तर त्याचे वरचे तंतू फुगून एकजीव होतात, छिद्रे बुजतात, आणि तो ओला झाला तरी फाटत नाही, तेल पीत नाही. १८५३ मध्ये गेन नावाच्या इंग्रजाने ह्याच कृतीचे पेटंट घेतले. हा कागद दिसायला जुन्या चामड्याच्या तावासारखा, म्हणून त्याचे नाव चर्मपत्र. पाहा, पुन्हा पत्र आलेच! पुढे विसाव्या शतकात त्यावर सिलिकॉनचा पातळ लेप देऊ लागले. तेव्हा चिकटणेही थांबले, आणि केळीच्या पानावरचे मेण जे काम फुकट करीत होते ते कारखान्यात विकत होऊ लागले.

पान सह्याद्रीतले आणि कागद पश्चिमेचा. ह्या दोघांची गाठ आमच्या औद्योगिक पट्ट्यात का पडावी, हे समजण्यासाठी ह्या भूमीकडे पाहिले पाहिजे.

पवनेच्या काठी चिंचवड, जिथे मोरया गोसावींची समाधी आहे. इंद्रायणीच्या काठी देहू आणि आळंदी. ज्याने तुळशीची माळ घातली त्याचा मासा सुटला, असा हा वारकरी मुलूख. देहूच्या ज्या डोहात तुकोबांच्या गाथेची वह्या बुडवल्याची आणि त्या तरून वर आल्याची कथा सांगतात, तिथले मोठाले महाशीर मासे श्रद्धेने कोणी धरीत नाही. यात्रेकरू त्यांना चुरमुरे घालतात. आणि ह्याच नद्यांच्या खालच्या-वरच्या पात्रांत भोई लोक जाळी टाकून मरळ, वाम, शिंगटी धरीत, मावळातल्या आठवडा बाजारांत विकीत. कोकणातून घाट चढून बैलांच्या पाठीवरून मीठ येई, सुकट आणि सुके बोंबील येत. एकाच पाण्याचा मासा एका वळणावर देव आणि पुढच्या वळणावर कालवण, हे इथे पिढ्यानपिढ्या चालत आले आणि कोणाचे कोणावाचून अडले नाही. १८६३ मध्ये आगगाडी खंडाळ्याचा घाट उतरून कोकणाला मिळाली, आणि मुंबईची ताजी मासळी पुण्याच्या वाटेला लागली.

मग माणसे येऊ लागली. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून निघालेल्या निर्वासितांची छावणी पिंपरीला वसली. ही मंडळी सिंधू नदीच्या काठची. त्यांचा झुलेलाल ‘पल्ला’ माशावर बसलेला दाखवतात, आणि तोच पल्ला त्यांच्या जेवणातले परम दैवत. नदी मागे राहिली, मासा मागे राहिला. चव तेवढी गाठोड्यात बांधून आली. १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पुढच्या वर्षी पिंपरीत पेनिसिलीन तयार होऊ लागले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. आकुर्डीला स्कूटर, पिंपरीला टेल्कोची मोटार असे कारखाने एकामागून एक उभे राहिले. १९७० मध्ये चार गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका. पुढे उद्योग चाकणकडे सरकले. कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी आणि संग्रामदुर्गासाठी ओळखल्या जाणाऱ्या त्या गावाजवळ २००९ मध्ये जर्मन मोटारींचे कारखाने चालू झाले.

ह्या कारखान्यांच्या फाटकांतून आत शिरलेला कामगार कुठला? रत्नागिरीचा, मालवणचा, साताऱ्याचा, बीडचा, जळगावचा. पुढे बिहारचा, ओरिसाचा, बंगालचा आणि केरळचाही. मी शाळेत शिकवतो, आणि मधल्या सुट्टीत डबे उघडले म्हणजे माझ्या एका वर्गात हिंदुस्थानचा नकाशा पसरतो. एका बाकावर शेंगदाण्याची चटणी, दुसऱ्यावर सांदण, तिसऱ्यावर सरसोंच्या वासाचा मासा. मुले एकमेकांच्या डब्यात हात घालतात. मोठ्यांचे मात्र तसे नसते.

बिऱ्हाड शोधायला निघालेल्या कोकणी माणसाला ह्या गावात एक प्रश्न हमखास ऐकावा लागे, आणि आजही काही ठिकाणी ऐकावा लागतो: ‘तुमच्यात मासे-मटण चालते का?’ प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरावर डोक्यावरचे छप्पर अवलंबून. आमच्या शेजारी सावंतवाडीकडच्या एक काकू राहत. पूर्वी एका घरमालकाने त्यांना खोली दिली ती ‘मासळी शिजवायची नाही’ ह्या अटीवर. मला त्या म्हणाल्या, “मास्तर, नोकरीसाठी गाव सोडलं, घर सोडलं, समुद्र सोडला. आता जीभ पण सोडू? पण त्या म्हाताऱ्या मालकीणबाईंना वासानं खरंच मळमळायचं हो. त्यांचं तरी काय चुकलं?” दोन्ही बाजू त्यांनीच मांडल्या. मग करीत काय होत्या? “खिडकी लावून, पानात बांधून वाफवायची. तळणीचा वास सगळ्या वाड्याला कळतो. पुडीचा कळत नाही. निदान, जेवून होईपर्यंत कळत नाही.” केळीचे पान त्या सत्यनारायणाच्या निमित्ताने बाजारातून आणीत. मालकीणबाई म्हणत, कोकणी बाई मोठी धार्मिक!

ह्यात हसण्यासारखे आहे तितकेच विचार करण्यासारखेही आहे. परमुलखात आलेल्या माणसाला आपली भाषा सोडली तरी चालते, वेष बदलला तरी चालतो. पण दिवसाच्या अखेरीला आईच्या हातची चव मिळाली नाही तर तो घरात असूनही धर्मशाळेत असल्यासारखा राहतो. पारश्यांनी पापलेट पानात बांधले तेव्हा त्यांनी हेच केले होते. पुडी हा परक्या गावी आपले घर राखण्याचा एक शहाणा, बिनभांडणाचा मार्ग होता.

पण गावाचे शहर झाले आणि पानच दुर्मिळ झाले. विहिरीजवळची केळ गेली, परसे गेली. त्या जागी चार-चार मजल्यांच्या आणि मग वीस-वीस मजल्यांच्या इमारती उठल्या. चुलीची शेगडी झाली, शेगडीचा स्टोव्ह झाला, स्टोव्हचा गॅस आणि आता ओट्यावर छोटी विजेची भट्टी. नवरा-बायको दोघेही पाळीवर जाणारी. संध्याकाळी सातला घरात शिरलेल्या बाईला वाटण, तळण, कढई घासणे हे कसे झेपावे? नेमक्या ह्या वेळी वाण्याच्या फळीवर कागदाची गुंडाळी आली आणि पानाची जागा तिने घेतली.

कृती अगदी थोडक्यात सांगतो. चार माणसांना पापलेट, रावस, सुरमई किंवा चिलापी, कुठल्याही माशाचे बोटभर जाडीचे चार-सहा तुकडे घ्यावे. मीठ, हळद, लिंबू लावून पंधरा मिनिटे ठेवावे. वाटीभर ओले खोबरे, मूठभर कोथिंबीर, चार हिरव्या मिरच्या, सहा पाकळ्या लसूण, थोडे जिरे, चिमूटभर साखर, एवढ्याची घट्ट चटणी वाटावी. पाणी घालू नये. पाणी मासा स्वतः सोडतो. कागदाच्या तावावर आधी कांद्याच्या पातळ चकत्या, त्यावर दोन्ही बाजूंनी चटणी लावलेला तुकडा, वर चमचाभर तेल. ताव दुमडून कडा बारीक-बारीक मुरडत जावे, करंजीला मुरड घालतो तशी. दिवाळी नुकतीच झालेली असल्यामुळे हाताला ती सवय ताजीच असते. दोनशे अंशांवर तापवलेल्या भट्टीत पंधरा मिनिटे पुरतात. भट्टी नसेल तर वाफेवर ठेवावे. मात्र त्यासाठी गणपतीचे मोदकपात्र काढाल तर घरात नवेच प्रकरण उभे राहील. पातेल्यावर चाळणी ठेवून झाकण घातले तरी काम होते. पुडी प्रत्येकाच्या ताटात वाढावी आणि ज्याची त्याने उघडावी. सोबत मऊ भात.

दोन सावधगिरीचे शब्द. बाजारात ‘बटर पेपर’ ह्या एकाच नावाखाली दोन जातींचे कागद मिळतात. एक पातळ, नुसता पदार्थ गुंडाळण्याचा. तो भट्टीचा नव्हे. दुसरा भाजण्यासाठीच केलेला, त्यावर किती अंशांपर्यंत चालतो ते छापलेले असते. तोच घ्यावा, आणि ज्योतीला भिडू देऊ नये. वर्तमानपत्र तर मुळीच वापरू नये. छपाईची शाई पोटात जाते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणानेही २०१६ मध्ये तसा इशारा दिलेला आहे. चंदेरी पन्नीत लिंबू, कोकम, चिंच अशी आंबट वस्तू शिजवणे बरे नव्हे. आंबट धातूला खाते. आणि केळीचे पान मिळाले तर, वाचकहो, कागदाचे नावही काढू नये.

आता शेवटची गोष्ट. ती थोडी कडू आहे. रश्श्याला मसाला असतो. शिळा मासाही झणझणीत वाटणात खपून जातो. पुडीचे तसे नाही. बाहेरून पाहता वाटते की तिने सगळे झाकले. पण आत जे घातले तेच ती परत देते, एक थेंब बाहेर जाऊ देत नाही. मासा ताजा असेल तर तसा, बिघडलेला असेल तर तसा. म्हणून पुडीची चव बाजारावर आणि बाजाराची चव पाण्यावर अवलंबून राहते.

आमच्या पाण्याची काय कथा? आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगताना आपण सर्वांनी पाहिला आहे. मैलापाणी आणि रसायने पवनेत, इंद्रायणीत उतरतात, आणि मेलेल्या माशांचे थर काठाला लागल्याच्या बातम्या अधूनमधून येत राहतात. देहूच्या डोहाचे ते महाशीरही ह्यातून सुटले नाहीत. पवना मुळेला मिळते. मुळा-मुठा आणि इंद्रायणी भीमेला मिळतात, आणि भीमा उजनीच्या जलाशयात शिरते. त्याच उजनीतून भिगवण-इंदापूरच्या बाजारांमार्गे चिलापी आणि कटला आमच्या पिंपरी-चिंचवडच्या बाजारात येतात. ही चिलापीही परदेशची. आफ्रिकेतला हा मासा १९५२ मध्ये भारतात आणला गेला, आणि गढूळ पाण्यातही तगतो म्हणून इथलाच झाला. तेव्हा हिशेब असा लागतो की, ह्या पट्ट्याने जे नदीला दिले ते शंभर कोस फिरून ताटात परत येऊ शकते. नदी हीदेखील एक मोठी पुडीच आहे; आत जे घालाल तेच शिजून तुमच्यापुढे येईल.

देहूला मासा न धरणाऱ्यांनी आणि धरून विकणाऱ्या भोयांनी, दोघांनी एक गोष्ट न बोलता मानली होती: पाणी दोघांचेही आहे. माळकऱ्याला त्यात देव दिसे, भोयाला भाकरी दिसे. घाण टाकण्याची जागा म्हणून कोणालाच ते दिसत नव्हते. कारखान्यांनी ह्या मुलखाला रोजगार दिला, हजारो घरांत दिवा लावला, आणि त्या दिव्याखाली बसून मीही हा लेख लिहीत आहे. पण कारखान्याला नदी राखता येत नाही असे मानण्याचे कारण नाही. मोटारीचा अवघड सुटा भाग केसाइतक्या अचूकपणे घडवणाऱ्या ह्या गावाला सांडपाणी गाळून सोडणे जमणार नाही, हे मला तरी पटत नाही. जमवायचे आहे की नाही, एवढाच प्रश्न आहे.

तोपर्यंत बाजारात गेल्यावर माशाचा कल्ला उघडून लाल आहे का पाहावे, डोळा चकचकीत आहे का पाहावे, आणि विकणाऱ्या मावशींना ‘हा कुठल्या पाण्यातला?’ असे अवश्य विचारावे. सगळ्या घरांतून हा प्रश्न रोज विचारला गेला, तर तो बाजारातून भिगवणला, भिगवणहून भीमेला आणि भीमेतून उलट वर चढत, चढणीच्या माशासारखा, पवनेच्या काठापर्यंत पोहोचेल.